भीती कोणाची, दोष कोणाचा?



माझ्या घरापासून चर्चला जायला दोन वाटा आहेत. एक सरळ, पाच मिनिटांची. दुसरी वाडीला वळसा घालून जाणारी, पंधरा मिनिटांची. गेली चाळीस वर्षे मी दुसऱ्या वाटेने मिस्साला येते. कोणी विचारले तर सांगते, 'तेवढेच सकाळचे चालणे होते.' खरे कारण वेगळे आहे. सरळ वाटेवरच्या एका घरी कुत्रा असतो. चाळीस वर्षांत त्या घरचे कुत्रे तीन-चार वेळा बदलले. माझी वाट मात्र बदलली नाही.

हे सर्वांसमोर लिहायला लाज वाटते. तरीही लिहिते, कारण गेल्या वर्षी मे महिन्यात एक गोष्ट घडली. माझी पाच वर्षांची नात सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. तिला आजवर कुत्रा चावलेला नाही, अंगावरही आलेला नाही. महिनाभराने सून म्हणाली, 'आई, हल्ली हिला कुत्रा दिसला की कडेवर घ्यावे लागते. आधी अशी नव्हती हो.' मी म्हणाले, 'मुले असतात अशी.' पण त्या रात्री मला झोप लागली नाही. रोज संध्याकाळी मी तिचा हात धरून दुकानात जात असे. कुत्रा दिसला की माझा हात तिचा हात घट्ट आवळत असे. तोंडाने मी एक शब्दही काढला नव्हता. माझ्या हाताने मात्र तिला सगळे सांगून टाकले होते.

तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या मनात आहेत. अशी भीती माणसात येते कुठून? आणि ती आली तर दोष कोणाचा?

भीती आणि भयगंड

भीती वाईट नाही. देवाने ती माणसाला राखणदार म्हणून दिली आहे. साप दिसल्यावर पाय मागे येतो, म्हणून आपण जगतो. पण राखणदारच घरधन्याला घराबाहेर पडू देईनासा झाला तर? धोका नसताना किंवा अगदी थोडा असताना मन भेदरून जाते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आणि ती वस्तू टाळण्यासाठी माणूस आपले जगणेच वाकडे करून घेतो, तेव्हा तिला 'फोबिया' म्हणतात. मराठीत भयगंड. हा शब्द ग्रीकांच्या 'फोबोस'वरून आला. त्यांच्या पुराणात फोबोस हा युद्धदेवाचा मुलगा. असे भय महिनोन्‌महिने टिकून राहिले आणि रोजच्या व्यवहाराच्या आड येऊ लागले, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. कोणाला उंचीची, कोणाला बंद लिफ्टची, कोणाला पालीची, कोणाला रक्ताची भीती असते. 'आपली भीती खुळी आहे' हे यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना पक्के ठाऊक असते. ठाऊक असूनही ती जात नाही, हेच तर दुःख.

बाल्टिमोरचे बाळ

अशी भीती कशी तयार होते याची एक गोष्ट मानसशास्त्राच्या पुस्तकांतून शंभर वर्षे सांगितली जात आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन वॉटसन नावाचे प्राध्यापक होते. १९२० साली त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी रोझाली रेनर हिने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग होता एका तान्ह्या बाळावर. त्यांनी त्याला 'अल्बर्ट' म्हटले. बाळाची आई एका बालरुग्णालयात धाय म्हणून कामाला होती. बाळ गुटगुटीत, शांत, क्वचितच रडणारे.

नऊ महिन्यांचा असताना अल्बर्टपुढे पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, कापूस असे काय काय ठेवले. तो कशालाही भ्याला नाही. हात पुढे करून धरायला जाई. मग तो अकरा महिन्यांचा झाल्यावर पुन्हा उंदीर पुढे ठेवला. त्याने हात लावताच पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणून मोठा आवाज केला. बाळ दचकले. असे सात वेळा केले. शेवटी आवाज न करता नुसता उंदीर दाखवला, तर बाळ रडत, रांगत दूर पळू लागले. पाच दिवसांनी पाहिले तर ते सशालाही घाबरत होते, कुत्र्यालाही, केसाळ कोटालाही. नाताळबाबाचा दाढीवाला मुखवटा दाखवला, तर त्यालाही.

या गोष्टीतला एक बारकावा वाचून माझे मन कळवळले. घाबरल्यावर अल्बर्ट अंगठा तोंडात घाली, आणि अंगठा तोंडात असला की त्याला उंदराचे काही वाटत नसे. भीती दिसावी म्हणून प्रयोग करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडातून अंगठा काढावा लागला. हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. बाळाकडे धीराचे तेवढेच एक साधन होते, आणि शास्त्रासाठी तेही काढून घेतले गेले.

पुढे आई बाळाला घेऊन रुग्णालय सोडून गेली. घातलेली भीती काढायची राहूनच गेली. ते बाळ जाणार हे प्रयोग करणाऱ्यांना आधीपासून माहीत होते. पुढे त्याचे काय झाले, ते बाळ नेमके कोणाचे होते, यावर संशोधकांचे आजही एकमत नाही. एकाच बाळावर केलेल्या या प्रयोगातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असेही आजचे अभ्यासक बजावतात. आज असा प्रयोग करायला कोणतीही संस्था परवानगी देणार नाही.

न्यूयॉर्कचा पीटर

याच गोष्टीला चार वर्षांनी एक उत्तर मिळाले, आणि ते एका स्त्रीने दिले. मेरी कव्हर जोन्स तिचे नाव. न्यूयॉर्कमध्ये काम करताना तिला पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा भेटला. तो ससा, पांढरा उंदीर, केसाळ कोट, पीस, कापूस यांना घाबरत असे. जणू अल्बर्टच थोडा मोठा होऊन आला होता. फरक एवढाच, की पीटरच्या मनात भीती कोणी घातली हे कोणाला ठाऊक नव्हते.

जोन्सबाईंनी अनेक मुलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. समजावून सांगितले, उपयोग झाला नाही. इतर मुलांच्या चेष्टेने भीती जाते का ते पाहिले, गेली नाही. ती वस्तू बरेच दिवस दूर ठेवली, तरी पुन्हा दिसताच भीती जागी झाली. आपण घरोघरी जे तीन उपाय करतो, तेच हे तीन. दोनच गोष्टींनी गुण आला. एक, न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळणे. दुसरी अशी, की पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खूप दूर ठेवायचा, आणि त्याला सोसेल तेवढाच दिवसागणिक जवळ आणायचा. घाई केली तर उलटेच होईल, खाऊचीच भीती बसेल, हे जोन्सबाईंना ठाऊक होते.

मध्येच पीटर आजारी पडला. दोन महिने रुग्णालयात होता. घरी परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि कमावलेले सगळे गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जोन्सबाईंनी तीही केली. शेवटी एक दिवस पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देत शांत बसला. १९२४ साली जोन्सबाईंनी हे लिहून प्रसिद्ध केले. आज भयगंडावर जे उपचार होतात, त्यांचे मूळ या खाऊच्या ताटलीत आहे.

बंधुभगिनींनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्ञान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहे: भीती शिकवता येते, तशी उतरवताही येते. एका ठिकाणी ते ज्ञान बाळापेक्षा मोठे झाले. दुसऱ्या ठिकाणी मूल ज्ञानापेक्षा मोठे राहिले. शास्त्र आणि नीती यांच्यातला फरक मला याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

शिकवल्याशिवाय येणारी भीती

मात्र प्रत्येक भीतीमागे असा हातोडा असतोच असे नाही. भयगंड असलेल्या कित्येकांना 'हे कधी सुरू झाले?' असे विचारले तर काहीच आठवत नाही. १९७७ साली स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञांनी तीन वाटा दाखवल्या. भीती स्वतःच्या अनुभवातून येते, दुसऱ्याला घाबरलेले पाहून येते, किंवा नुसते ऐकून येते.

दुसऱ्या वाटेचा पुरावा माकडांनी दिला. सुझान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नाहीत. पण रानात वाढलेल्या माकडाला सापासमोर भेदरलेले पाहिले, की थोड्याच वेळात तीही भिऊ लागतात. मग त्यांनी चित्रफितीत फेरफार करून असे दाखवले, की माकड फुलाला पाहून भेदरते आहे. ते पाहून मात्र कोणतेही माकड फुलाला भ्याले नाही. म्हणजे काही भीतींसाठी मन आधीच नांगरून ठेवलेले असते. बी पडायचाच अवकाश. म्हणून साप, उंची, अंधार यांची भीती चटकन रुजते. विजेच्या बटणाने आणि भरधाव मोटारींनी माणसे मरतात, पण त्यांचा भयगंड सहसा होत नाही. रक्त पाहून चक्कर येण्याचा प्रकार तर पुष्कळदा घराण्यातच चालत आलेला दिसतो. त्यात आधी धडधड वाढते, मग रक्तदाब एकदम खाली येतो. अशा माणसाला 'भित्रा' म्हणणे म्हणजे चष्मा लावणाऱ्याला 'आळशी' म्हणण्यासारखे आहे.

मी माझ्याकडे पाहते तेव्हा तिन्ही वाटा दिसतात. आठ वर्षांची असताना मला कुत्रा चावला. जखम लहान होती. पण त्या काळी पोटात इंजेक्शने देत, एक-दोन नव्हे, चौदा. रोज दवाखान्यात नेताना आईचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहत असे. आणि आळीतल्या बाया ओट्यावर बसून मला ऐकू येईल असे सांगत, की कुत्रा चावलेले माणूस शेवटी भुंकायला लागते. आज विचार करते तेव्हा वाटते, कुत्र्याने मला एकदाच चावले. बाकीचे काम आम्ही माणसांनी केले.

टाळल्याने भीती पोसते

भीती आली कशी हे एक, आणि टिकली का हे दुसरे. भीती टिकते ती टाळल्यामुळे. मी वळसा घालून येते. कुत्रा भेटत नाही, जीव भांड्यात पडतो. त्या सुटकेलाच मन बक्षीस समजते आणि उद्या पुन्हा तीच वाट धरते. सरळ वाटेने गेले असते तर काय झाले असते, हे चाळीस वर्षांत मला कधी कळलेच नाही. म्हणून भीती उतरवण्याचा उपाय पुन्हा तोच, पीटरचा: सोसेल तेवढे, पण समोर. ढकलायचे नाही आणि पळायचेही नाही.

मग दोष कोणाचा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आपल्यात एक बोलणे फार सहज होते: 'तुझी श्रद्धा कमी पडते, म्हणून तू घाबरतेस.' मीही ते बोलले आहे. आमच्या प्रार्थना गटातील एक बहीण गर्दीच्या लोकलमध्ये चढू शकत नसे. दादरला मुलीकडे जायचे तर आठवडाभर आधीपासून तिला झोप नसे. मी, कुत्र्याला वळसा घालणारी बाई, तिला म्हणाले, 'जरा प्रार्थना वाढव.' ती हसली. त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तिची भीती गेली नव्हती. तिने ती माझ्यापासून लपवली, एवढेच.

ख्रिस्तसभेची शिकवण माझ्यापेक्षा शहाणी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात भीतीचा विचार मनाच्या इतर भावनांच्या बरोबरीने केला. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही तेच सांगतो: भावना स्वतःहून चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत. आपली बुद्धी आणि इच्छा त्यांच्याशी कशी वागते, त्यावरून बरेवाईट ठरते. इतकेच नव्हे, तर भीतीपोटी केलेल्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही त्यात मान्य केले आहे. आणि गेथशेमनीच्या बागेतील ती रात्र आपण दर पवित्र गुरुवारी आठवतो. प्रभू तिथे व्याकूळ झाला, शिष्यांनी सोबत जागे राहावे असे त्याला वाटले. त्याच्या श्रद्धेत काय उणे होते? त्या रात्री उणे पडली ती सोबत. शिष्य झोपले होते.

म्हणून मला वाटते, भीती येण्यात दोष नाही. अल्बर्टचा काय दोष होता? माझ्या नातीचा काय? पण भीती आल्यानंतर काही जबाबदाऱ्या सुरू होतात, आणि त्या घाबरणाऱ्यापेक्षा इतरांवर जास्त आहेत.

पहिली जबाबदारी, भीतीचा चाबूक करू नये. 'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल', 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील', 'पोलिसांना बोलावू का?' असे म्हटल्याने मूल क्षणभर गप्प बसते हे खरे. पण संकटात ज्या पोलिसाकडे आणि दुखण्यात ज्या डॉक्टरकडे त्याने धाव घ्यायची, तीच दारे आपण त्याच्यासाठी बंद करतो. देवाचे नाव घेऊन मुलांना घाबरवणे तर त्याहून वाईट. ते दार बंद झाले तर मूल जाणार कुठे?

दुसरी, हसू नये आणि ढकलू नये. 'पाण्यात टाका, आपोआप पोहेल' असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. काही मुले पोहतातही. जी पोहत नाहीत ती आयुष्यभर विहिरीकडे पाठ करून चालतात, आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

तिसरी, लपवू नये. भयगंडावर उपचार आहेत आणि त्यांचा पुष्कळांना गुण येतो. कित्येकदा थोड्याच भेटींत फरक दिसू लागतो. दाताच्या डॉक्टरकडे जायला लाज वाटत नाही, तशी मनाच्या डॉक्टरकडे जायलाही वाटू नये. प्रार्थना जरूर करावी. पण प्रार्थना हे डॉक्टर टाळण्याचे निमित्त होऊ नये. तोही एक वळसाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. सावधपणा म्हणजे भयगंड नव्हे. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या अंगावर मुलांनी हात टाकू नये. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रेबीज झाल्यावर माणूस सहसा वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. आता ती लस पोटात नव्हे, दंडात देतात. भीतीऐवजी मुलांना हे ज्ञान द्यावे.

सरळ वाट

गेल्या पावसाळ्यानंतर मी शेजारणीला माझे गुपित सांगितले. तिच्याकडे टायगर नावाचा म्हातारा कुत्रा आहे. नाव मोठे, पण दात थोडेच उरले आहेत. नात शनिवारी आली की आम्ही दोघी शेजारणीच्या फाटकाबाहेर, बऱ्याच अंतरावर बसून बिस्किटे खातो. टायगर आत बांधलेला असतो. पहिल्या शनिवारी माझ्या हातातला चहा हिंदकळत होता. नात मला म्हणाली, 'आजी, तू पण घाबरतेस?' मी 'नाही' म्हणणार होते. मग म्हणाले, 'हो बाळा, खूप. पण आपण बसू या.' तिने माझा हात धरला. या वेळी आवळला तो तिने, मला धीर द्यायला.

मिनेकांच्या माकडांची एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या माकडांनी आधी एखाद्या न घाबरणाऱ्या माकडाला सापाजवळ शांत बसलेले पाहिले होते, त्यांना नंतर भेदरलेले माकड दाखवले, तरी त्यातली बहुतेक भ्याली नाहीत. धीरही पाहून येतो. आधी दिसला तर लस टोचल्यासारखा उपयोगी पडतो. माझ्या नातीला ही लस मी वेळेवर देऊ शकले नाही. उशिरा का होईना, आता दोघी मिळून घेत आहोत.

मधल्या काळात दोनदा आमची पीटरसारखी घसरगुंडी झाली. एकदा टायगर अचानक भुंकला आणि आम्ही दोघी पळालो, मी तिच्या पुढे! पण पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊन बसलो. आता नात फाटकाच्या आत पायरीवर बसते. मी अजून बाहेरच आहे.

आणि लोकलला भिणाऱ्या त्या बहिणीकडे मी गेले. तिची क्षमा मागितली. 'प्रार्थना वाढव' असे या वेळी म्हणाले नाही. 'चल, दुपारी गर्दी नसते तेव्हा आपण दोघी फक्त एक स्टेशन जाऊन परत येऊ,' एवढेच म्हणाले. ती विचार करते आहे.

येत्या रविवारी पहिल्या मिस्साच्या आधी मी सरळ वाटेवर, त्या घराच्या कुंपणापासून जरा अलीकडे उभी दिसले, तर हसू नका. 'या, सोबत चालू' म्हणा. मला तेवढे पुरेल.

– एक धर्मग्रामभगिनी